मीटरवरचा लाल दिवा मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी चंद्रपुरात वायरमनचं काम करतो. आयटीआय करून नऊ वर्षं झाली. आजवर आपल्या दैनिकाला कधी पत्र लिहिलं नाही. हे पत्र म्हणजे खरं तर एका मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. तिनं विचारलं तेव्हा मला ते धड देता आलं नव्हतं. तोच प्रश्न आणखी पुष्कळ मुलामुलींच्या मनात असेल असं वाटतं, म्हणून आपल्यामार्फत देतो.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापणारे नऊ दिवस, लागून दोन दिवस झाले होते. तुकूममध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर तीन कॉलेजच्या मुली भाड्यानं राहतात, त्यांचा कूलर बंद पडला म्हणून दुपारी दीड वाजता मला बोलावणं आलं. स्लॅबची खोली, वरून ऊन. बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. कूलरच्या पंपाची वायर जळाली होती, मी ती बदलत होतो. त्यातली एक, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची, ओला टॉवेल डोक्यावर घेऊन निबंध लिहीत बसली होती. 5 जूनच्या पर्यावरण दिनासाठी स्पर्धा होती, विषय ‘हवामान बदल आणि तरुणाई’. तिनं एक वाक्य मला वाचून दाखवलं: 2024 हे नोंदी ठेवायला लागल्यापासूनचं जगातलं सर्वांत उष्ण वर्ष, कारखानदारी सुरू होण्याआधीच्या काळापेक्षा दीड अंशाहून जास्त तापलेलं. मग पेन खाली ठेवून म्हणाली, “भाऊ, तुम्ही तर घरोघरी जाता. खरं सांगा, आम्ही एक पंखा बंद केला काय अन् नाही केला काय, फरक पडते का? इथून तर अख्ख्या महाराष्ट्राला वीज जाते.”

खिडकीतून वीज केंद्राच्या चिमण्या दिसत होत्या. तिचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. आमच्या ऊर्जानगरचं औष्णिक केंद्र 2920 मेगावॉटचं आहे. चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत 752 किलोमीटरची एक खास वाहिनी 1999 पासून आहे. तिच्यातून 1500 मेगावॉट वीज पश्चिमेकडे जाऊ शकते. एवढ्या मोठ्या कारभारापुढे एका खोलीतला एक पंखा म्हणजे काय?

मी “पडतो” एवढंच म्हणालो आणि वायर जोडली. पण जिना उतरताना पायरीखाली मीटरची पाटी दिसली आणि मी तिला हाक मारली.

आता जे लिहितो ते प्रत्येकानं आपल्या घरी करून पाहावं. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. लोकांना वाटतं, मीटर चालू असल्याची ती खूण आहे. पण तो दिवा वीज मोजत असतो. मीटरवर बारीक अक्षरात एक आकडा छापलेला असतो. बऱ्याच मीटरांवर 3200, काहींवर 1600, काहींवर आणखी वेगळा. 3200 असेल तर दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट पडलं. बस्, एवढंच समजायचं आहे.

त्यांच्या मीटरवर 3200 होतं. मी तिच्या मैत्रिणींना वर सगळं बंद करायला सांगितलं आणि फक्त छताचा पंखा चालू ठेवला. मोबाइलवर पाच मिनिटं लावली. तिनं मोजले: 20. मग पंखा बंद करून कूलर लावला: 50. मग कूलरही बंद. आता दिवा थांबायला हवा होता. थांबला नाही. पाच मिनिटांत तीन वेळा लुकलुकला. “बंद आहे म्हणता अन् हे तर चालूच आहे,” ती म्हणाली. वर जाऊन पाहिलं तर वायफायचा डबा आणि बोर्डात तसेच राहिलेले चार्जर. पाच मिनिटांत तीन म्हणजे वाटतं काहीच नाही. पण दिवसरात्र, बारा महिने धरले तर 98 च्या आसपास युनिट होतात.

माझे वडील खाणीत होते. एक युनिट वीज बनवायला साधारण 700 ग्रॅम कोळसा जळतो. 700 ग्रॅमचं ढेकूळ केवढं असतं हे त्यांनी लहानपणी माझ्या हातात देऊन दाखवलं होतं. दोन मुठींएवढं. ते जळलं की जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कोळशापेक्षा धुराचं वजन जास्त कसं, असं मला आयटीआयमध्ये असताना कळत नव्हतं. कोळशातला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन जोडून घेतो, म्हणून वजन वाढतं. तर वापरत नसलेला तो डबा आणि ते चार्जर वर्षाला 65 किलोच्या वर कोळसा खातात. खाटेखाली पोतं ठेवलं असतं तर आपल्याला दिसलं असतं. दिसत नाही, म्हणून मोजावं लागतं.

तरुणांना काय करता येईल असं कुणी विचारलं की झाडं लावा, प्लास्टिक टाळा, घोषणा द्या असं सांगतात. ते करावंच. आमच्याच गावात इको-प्रो संस्थेच्या पोरांनी 2017 मध्ये गोंडकालीन किल्ल्याचा परकोट, म्हणजे तटबंदी, साफ करायला घेतला. भर उन्हात झुडपं तोडली, माती उपसली, महिनोन्महिने. त्या कामाबद्दल मला फार आदर आहे. माझं एवढंच सांगणं आहे की घराच्या आतही एक परकोट आहे आणि तिकडे कुणी पाहत नाही. मी रोज पाच-सहा घरांत जातो, त्यामुळे मला तो दिसतो.

पंख्यापासून सुरुवात करतो, कारण आमच्याकडे तो फेब्रुवारीच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत थांबतच नाही. साधा छताचा पंखा 75 वॉट घेतो. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरीचा, तेवढीच हवा 30 वॉटच्या आसपास देतो. लाल दिव्याच्या हिशेबात पाच मिनिटांना 20 ऐवजी 8. दिवसाला 15 तास आणि वर्षातले आठ महिने धरले तर एका पंख्यामागे 160 युनिट वाचतात, म्हणजे शंभर किलोच्या वर कोळसा. पंखा अडीच-तीन हजारांना पडतो, दोनेक वर्षांत पैसे निघतात. पण म्हणून घरातले चांगले चालणारे चार पंखे काढून भंगारात टाकू नका. जो सर्वांत जास्त वेळ चालतो तो एकच आधी बदला. बहुतेक घरांत तो आजीच्या खोलीतला असतो. बाकीचे मरतील तेव्हा बदला. आणि मेला म्हणजे खरंच मेला का, तेही पाहा. हळू फिरणारा पंखा दहापैकी आठ वेळा कपॅसिटरमुळे हळू झालेला असतो, निदान मी उघडलेल्यांपैकी तरी. कपॅसिटर म्हणजे मोटरीला जोर देणारा छोटा भाग, तो शंभर रुपयांच्या आत मिळतो. लोक त्यासाठी पंखा बदलतात. जुने मोठे डब्यासारखे रेग्युलेटर अजून काही घरांत आहेत. पंखा एकवर ठेवला तरी उरलेली वीज ते रेग्युलेटरमध्येच तापवून घालवतात. हात लावून पाहा, गरम लागेल. ते मात्र आजच बदला.

कूलरबद्दल बाहेरगावच्या लोकांचा गैरसमज असतो की तो जुनाट आहे. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर ही फार शहाणी गोष्ट आहे. 180-190 वॉटमध्ये खोली गार होते. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला की तासाला दीड युनिटच्या घरात जातो, म्हणजे तोच लाल दिवा मिनिटाला 80 वेळा. कूलरला फक्त दोन गोष्टी लागतात: समोरची खिडकी उघडी, आणि गवत दर उन्हाळ्यात नवं. खिडक्या बंद करून कूलर लावणारी कितीतरी घरं मी पाहिली आहेत. खोलीत दमट होतं, मग कूलर काही कामाचा नाही म्हणून एसी घेतात. (इथेच एक गोष्ट सांगून टाकतो, विषय थोडा वेगळा असला तरी. पाणी भरताना कूलरचा प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या शॉकनं माणसं जातात. अर्थिंग नसलेला लोखंडी कूलर घरात ठेवू नका.)

एसी घेऊच नका असं मी म्हणणार नाही. घरात आजारी माणूस असतं, तान्हं बाळ असतं. पण 18 वर लावून पांघरूण घेऊन झोपणारी तरुण पोरं मी पाहतो तेव्हा वाईट वाटतं. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं सांगणं आहे की तापमान एक अंश वर ठेवलं की साधारण 6 टक्के वीज वाचते. 18 वरून 24 वर आणलं तर किती होतात ते तुम्हीच मोजा. सोबत छताचा पंखा लावला तर 26 सुद्धा पुरतं.

आता एसीची जी गोष्ट सांगणार आहे ती आमच्या धंद्यातल्या लोकांशिवाय कुणाला माहीत नसते, आणि माझ्या मनाला ती सर्वांत जास्त लागते. मी शिकाऊ होतो तेव्हा ज्यांच्या हाताखाली होतो, त्यांच्यासोबत एकदा घर बदलणाऱ्या कुटुंबाचा जुना स्प्लिट एसी काढायला गेलो. त्यांनी मला पान्यानं नट ढिला करायला सांगितलं. फुस्स करून सगळा गॅस दोन मिनिटांत हवेत गेला. नव्या घरी नवा गॅस भरला. त्या वेळी मला त्यात काही चूक वाटली नाही. पुढे शिकलो तेव्हा समजलं की जुन्या एसीतला आर-22 वायू एक किलो सोडला की तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,800 किलोंएवढी उष्णता वातावरणात धरून ठेवतो. आणि एका एसीत साधारण एक किलो गॅस असतोच. मघाशी सांगितलेल्या पंख्याची अकरा वर्षांची बचत मी त्या दोन मिनिटांत एका नटातून सोडून दिली होती. नव्या एसीतला आर-32 यापेक्षा बराच सौम्य आहे, तरी तोही कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेसातशे पट.

हे टाळणं अगदी सोपं आहे. त्याला ‘पंप डाउन’ म्हणतात. एसी चालू ठेवून एक व्हॉल्व्ह बंद करायचा, बाहेरच्या युनिटचा कॉम्प्रेसर सगळा गॅस स्वतःकडे ओढून घेतो, मग दुसरा व्हॉल्व्ह बंद करून मशीन काढायचं. दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात. घाईतला माणूस तेवढी घेत नाही, कारण त्याला कुणी विचारतच नाही. तुम्ही विचारा. नोकरीसाठी पुण्या-नागपूरला जाणारी, अकरा महिन्यांनी खोली बदलणारी हीच तरुण मुलं आहेत. एसी काढायला आलेल्या माणसाला फक्त एवढं म्हणा, “भाऊ, पंप डाउन करूनच काढा.” तो तुमच्याकडे एकदा नीट पाहील आणि करेल. आणि दर वर्षी गॅस भरावा लागत असेल तर तो गळतो आहे. गॅस भरू नका, आधी गळती शोधायला लावा.

छताचं सांगतो. बाबुपेठेत आमचं स्वतःचं स्लॅबचं घर आहे. तीन वर्षांपूर्वी मी आणि धाकट्या भावानं मार्चमध्ये एका पहाटे अर्ध्या गच्चीला चुना लावला. चुना भिजवून, गाळून, त्यात गोंद घालून, दोन हात. अर्ध्याच गच्चीला, कारण फरक पाहायचा होता. खाली दोन खोल्या सारख्याच आहेत. दोन्हीत थर्मामीटर टांगले. मेमध्ये दुपारी तीन वाजता एकीत 41, दुसरीत 38. आईनं त्याच दिवशी आपली खाट हलवली. दुसऱ्या वर्षी पूर्ण गच्ची केली. अहमदाबाद महापालिकेनं 2013 मध्ये उष्णतेच्या लाटेसाठी कृती आराखडा केला, तिथेही पुढे गरीब वस्त्यांतली छतं पांढरी करण्याचं काम झालं. हे काम तरुणांच्या हातचं आहे. म्हाताऱ्या माणसाला गच्चीवर ओणवं होऊन ब्रश मारता येत नाही. एका गल्लीतल्या पाच पोरांनी एक रविवार दिला तर चार छतं होतात. डोळ्यांना चष्मा लावा, चुना डोळ्यांत गेला तर फार वाईट.

पाण्याच्या मोटरीबद्दल लिहायला नको इतकं ते उघड आहे, तरी लिहितो. टाकी भरून पाणी खाली वाहायला लागलं की मगच मोटर बंद करायची, ही आपली जुनी पद्धत आहे. एक हॉर्सपॉवरची मोटर अर्धा तास उगाच चालली की अर्धं युनिट गेलं, आणि पाणी गेलं ते वेगळं. टाकी भरल्यावर वाजणारा साधा अलार्म दोन-तीनशेत मिळतो. कॉलेजातल्या पोराला तो स्वतः बसवता यावा. बसवता येत नसेल तर मी शिकवतो.

वेळेचंही एक आहे. 30 मे 2024 ला देशाची विजेची मागणी 250 गिगावॉटवर गेली होती, म्हणजे अडीच लाख मेगावॉट, तोवरची सर्वांत जास्त. भर दुपारी सौर वीज बरीच असते. सूर्य बुडला की ती जाते आणि रात्री सात ते अकराचा भार मुख्यतः कोळशाच्या केंद्रांवर पडतो. म्हणून मोटर, इस्त्री, वॉशिंग मशीन ही कामं दिवसा करता आली तर करा. एक पैसाही लागत नाही, फक्त सवय लागते.

गच्चीवर सोलर बसवायचं असेल तर ‘पीएम सूर्यघर’ योजनेत 3 किलोवॉटला 78 हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॉटचे पॅनल दिवसाला साधारण चार युनिट देतात. मी पाहतो, घरातले वडील तयार असतात, पण ऑनलाइन अर्ज, बिलाचा ग्राहक क्रमांक, बँकेचे कागद यात अडकून सोडून देतात. तो अर्ज मुलांनी भरावा. पॅनल बसल्यावर धूळ पुसायलाही मुलांनीच चढावं. आमच्याकडे धूळ फार.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत येतो. फरक पडतो का?

2015 मध्ये उजाला योजना आली तेव्हा मी दहावीत होतो. त्या काळी एलईडी बल्ब श्रीमंतांची गोष्ट वाटायची. योजनेसाठी सरकारनं सुरुवातीला एक बल्ब 310 रुपयांना घेतला होता. मग लाखोंनी मागणी आली आणि दोन-तीन वर्षांत तोच बल्ब 40 रुपयांच्या खाली आला. या योजनेतून 36 कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. आता साठ वॉटचा पिवळा बल्ब मागायला गेलात तर दुकानदार माळ्यावर शोधतो. घराघरात एकेक होल्डर बदलत गेला. मी स्वतः किती बदलले याचा हिशेब नाही. पंख्याचं आज तेच वळण आहे. 2023 पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालं आहे. तुमच्यासारख्यांनी दुकानात जाऊन पाच स्टार मागितला की दुकानदार तो ठेवायला लागतो. भाव असाच उतरतो.

मला हेही माहीत आहे की पोलाद, सिमेंट, मोठे कारखाने, मोठ्या शहरांतल्या काचेच्या इमारती यांची वीज माझ्या पक्कडीत येत नाही. तिथे सरकारला आणि उद्योगाला जाब विचारावा लागेल आणि तरुणांनी तो विचारावा. पण ज्यानं स्वतःच्या घरातले दिवे मोजले आहेत त्याचा प्रश्न नेमका असतो. आपल्या कॉलेजच्या इमारतीचं महिन्याचं बिल किती युनिटचं, सुटीत किती, एवढं जरी एखाद्या विद्यार्थ्यानं कार्यालयात विचारलं तरी पुष्कळ हलतं.

आणि कोळशाला नुसत्या शिव्या देणं माझ्याच्यानं होत नाही. त्याच कोळशानं आम्हा दोघा भावांना शिकवलं. ऊर्जानगरमधली, घुग्घुसमधली कितीतरी घरं आजही त्यावर जेवतात. पण वडिलांचे शेवटचे दोन उन्हाळे मी पाहिले आहेत. छातीचा आजार आणि बाहेर 47 अंश. रात्री अकरालाही भिंतीला हात लावला की तव्यासारखी. ते म्हणायचे, आम्ही लहान होतो तेव्हा उन्हाळ्यात अंगणात खाट टाकली की पहाटे पांघरूण लागायचं. मी ते पांघरूण कधी पाहिलं नाही. म्हणून कुणी ‘एका माणसानं काय होते’ म्हटलं की मला गप्प बसवत नाही.

त्या मुलीचा निबंध स्पर्धेत लागला की नाही, मला माहीत नाही. पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला होता. घरमालकांना सोबत घेऊन तिनं खालच्या मजल्याचा मीटरही मोजला होता. सगळं बंद करूनही पाच मिनिटांत 21 वेळा लुकलुकत होता. मी जाऊन पाहिलं. जुन्या इन्व्हर्टरची बॅटरी खराब होती, ती भरतच नव्हती आणि चार्जर रात्रंदिवस वीज ओढत होता. आठ वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

संपादक साहेब, आपल्याकडे दोन मागण्या आहेत. उन्हाळ्यात आपण रोज पहिल्या पानावर गावोगावचं तापमान छापता. त्याच्याच खाली आदल्या दिवशी राज्यात विजेची सर्वांत जास्त मागणी किती मेगावॉट होती तो आकडाही छापा. दोन आकडे शेजारी शेजारी आले की त्यांचं नातं लोकांना आपोआप दिसेल.

दुसरी, हे पत्र छापलंत तर एवढं कळवा: जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळा-कॉलेजनं बोलावलं तर मी संध्याकाळी पाचनंतर यायला तयार आहे. एक साधा पंखा, एक बीएलडीसी पंखा आणि फळीवर बसवलेला मीटर घेऊन येईन. पैसे नकोत. माझा पत्ता आणि फोन आपल्या कार्यालयात दिला आहे. फक्त एप्रिलच्या मध्यापर्यंत बोलवा. त्यानंतर पावसाळा लागेपर्यंत माझे सगळे दिवस कूलरच्या कामात जातात.

आपला,
एक वायरमन
बाबुपेठ, चंद्रपूर